विहिरी खोदणाऱ्या अण्णांबरोबर रियुनियनच्या ज्वालामुखीवर

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चाळीसेक वर्षं वाई-जावळी-कोरेगाव ह्या पट्ट्यात विहिरी खोदल्या. एक यारी मशीन (विहिरीतला दगड वर ओढणारं), चार गडी आणि सुरुंगाचे बार, एवढ्यावर त्यांनी आम्हा तीन पोरांची शिक्षणं केली. आमच्या घरात दगडाचीच भाषा असायची. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांचा दगड, मग काळा पाषाण, आणि मध्येच कुठंतरी तांबडा पट्टा. तांबडा पट्टा लागला त्या दिवशी अण्णा जेवताना गप्प असायचे, कारण तो पट्टा भुसभुशीत, कडा कधी ढासळेल नेम नाही आणि खाली माणसं काम करतायत.

मी भूगोल शिकवते. एकदा त्यांना सांगत होते की अण्णा हा सगळा दगड लाव्हा आहे, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतला गेला, आजही ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय, कळसूबाई काय आणि पाचगणीचं टेबललँड काय सगळं त्याचंच. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "बरं, मग जिथनं हे आलं ते भोक आता कुठं हाय?"

ते भोक आता हिंदी महासागरात आहे, रियुनियन बेटाखाली. बहुतेक भूशास्त्रज्ञ असं मानतात की जमिनीच्या पोटातली ती तप्त जागा जवळपास तिथंच राहिली आणि वरून आधी भारताचं आणि मग आफ्रिकेचं भूपट्ट उत्तरेकडं सरकत गेलं, त्यामुळं आधी दख्खन, मग लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मग मॉरिशस आणि आत्ता रियुनियन अशी रांगच लागलीय. आणि रियुनियनचा पितों द ला फुर्नेझ अजूनही जिवंत आहे, १७व्या शतकापासून दीडशेहून जास्त वेळा फुटलाय. हे ऐकल्यावर अण्णा म्हणाले, "मग बघाया पायजे." तेव्हा ते ७१ वर्षांचे होते आणि विमानात कधी बसले नव्हते. पुढं दोन वर्षं पैसे साठवले आणि गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी, नवरा आणि अण्णा निघालो.

दिवस पहिला

मुंबईहून मॉरिशस सहा तास, तिथं थांबून पुढं पाऊण तासाचं छोटं विमान. रियुनियन फ्रान्सचा भाग आहे पण युरोपच्या शेंगेन व्हिसा-क्षेत्रात येत नाही, व्हिसाचे नियम वेगळे आहेत, जाणाऱ्यांनी हे आधी बघून घ्या.

मॉरिशसच्या विमानतळावर चहा घेताना आमचं बोलणं ऐकून काउंटरवरच्या बाई एकदम मराठीत बोलल्या, जरा वेगळ्या हेलाची, मध्ये मध्ये तिथल्या क्रिओल बोलीतले शब्द असलेली मराठी. त्यांचे पूर्वज रत्नागिरीकडून ऊसमळ्यात कामाला आलेले. अण्णांनी त्यांना गाव विचारलं नाही की आडनाव विचारलं नाही, पहिला प्रश्न केला, "तुमच्यात दगड कसला हो?" त्या हसून म्हणाल्या, "काळाच, उसाच्या शेतातून काढून काढून ढीग रचलेत." आणि खरंच परत उडताना वरून ते ढीग दिसले, हिरव्या उसात काळ्या दगडांच्या राशी. अण्णा खिडकीला कपाळ लावून बसले होते.

संध्याकाळी सँ-दनीच्या विमानतळावर उतरलो, भाड्याची गाडी घेतली (इथं उजव्या बाजूनं चालवतात, नवऱ्याला पहिला तासभर जड गेलं) आणि बेटाच्या मधोमध जाणाऱ्या रस्त्यानं वर चढत बूर-म्यूरा ह्या गावी मुक्कामाला. १६०० मीटर उंचीवर, गाई, गवताचे उतार, धुकं. अण्णा म्हणाले महाबळेश्वरला आल्यासारखं वाटतंय.

दिवस दुसरा

सकाळपासून पाऊस आणि धुकं, वर जायचा प्रश्नच नव्हता. गावातच 'सिते द्यु व्होल्कां' नावाचं ज्वालामुखीचं मोठं संग्रहालय आहे, तिथं अख्खा दिवस काढला. पाट्या फ्रेंचमध्ये होत्या, मी फोनवर भाषांतर करून अण्णांना वाचून दाखवत होते.

गावातच वेधशाळापण आहे, आम्ही बाहेरूनच बघितली. १९७७च्या उद्रेकात लाव्हा वस्तीत घुसला, त्यानंतर ती उभारली. आज ह्या डोंगरावर भूकंपमापक, जमिनीचा कल मोजणारी यंत्रं, जीपीएसची ठाणी असं जाळं पसरलेलं आहे. आतला वितळलेल्या दगडाचा रस वर सरकायला लागला की डोंगर अगदी थोडा फुगतो, बारीक बारीक धक्के वाढत जातात, मग इशारा निघतो आणि विवराकडं जाणारी वाट बंद करतात. फुटला की बेटावरची माणसं "वोल्कान ला पेते!" (ज्वालामुखी फुटला!) म्हणत रात्री गाड्या काढून बघायला जातात. कारण इथला लाव्हा पातळ, वाहणारा, आपल्या दख्खनसारखाच, त्यामुळं बहुतेक वेळा तो ठरलेल्या निर्मनुष्य भागातच वाहतो आणि लांबून बघता येतो.

अण्णांना ते डोंगर फुगण्याचं यंत्र फार आवडलं. बार भरल्यावर सगळ्यांना लांब करून स्वतः शेवटी वर येणारा माणूस तो, इशारा वेळेत देण्याची किंमत त्यांना माहितीय. बराच वेळ तिथंच उभे होते.

जेवायला भात, राजम्यासारखी घट्ट डाळ, टोमॅटोचा रुगाय म्हणजे आपला टोमॅटोचा ठेचाच, आणि 'अशार', जे नावापासूनच आपलं अचार आहे. समोसे तर बेटावर जिथं तिथं मिळतात, छोटे तिकोनी. गुलामगिरी १८४८ला बंद झाल्यावर इथं ऊसमळ्यांसाठी हिंदुस्थानातून, जास्त करून तमिळ मुलखातून, मजूर आणले, त्यांचे वंशज आज मोठ्या संख्येनं आहेत आणि सँ-आंद्रेला दीपावलीची मोठी मिरवणूक निघते. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही एवढं नक्की.

दिवस तिसरा

पहाटे आभाळ मोकळं. बूर-म्यूराहून ज्वालामुखीकडं जाणारा वीसबावीस किलोमीटरचा रस्ता आहे, आधी कुरणं, मग झुडपं, मग झुडपंही संपतात.

वाटेत कोमेर्सों क्रेटर लागतं, रस्त्याला लागूनच. कठड्यावरून वाकून बघितलं की उभ्या भिंतींचा प्रचंड खोल खड्डा, आणि भिंतीत थर. अण्णा कठडा धरून थर मोजायला लागले, बोटानं हवेत रेघ ओढत, "हा पाषाण... हा पोकळ... परत पाषाण..." आयुष्यभर त्यांनी वीसपंचवीस फूट रुंदीच्या खड्ड्यात उभं राहून हेच थर एकेक करून फोडले, आणि इथं न खोदताच आख्खी विहीर उघडी पडलेली. मागं एक फ्रेंच कुटुंब थांबलं होतं, त्यांनाही त्यांनी हातवारे करून थर दाखवले.

ह्याच जागेचा आणखी एक विक्रम आहे जो कुठल्याही मुंबईकराला ऐकवावा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि आपल्याकडं काय झालं ते आठवतंय. ह्या कोमेर्सोंला फेब्रुवारी २००७मध्ये गामेद चक्रीवादळात ७२ तासात ३,९३० मिलिमीटर पडला, तीन दिवसांचा जगातला विक्रम. आणि २४ तासांचा विक्रमही ह्याच डोंगरावरच्या फोक-फोकचा, जानेवारी १९६६ला १,८२५ मिलिमीटर. अण्णांनी हे ऐकलं आणि पहिल्यांदा चक्रावले. म्हणाले, "एवढं पाणी पडतंय, मग ओढा कुठं हाय? सकाळधरनं एक ओढा बघितला न्हाय." माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. तो प्रश्न त्यांनी पुढचे तीन दिवस सोडला नाही.

पुढं एक वळण घेतलं की खाली प्लेन दे साब्ल, म्हणजे वाळूचं पठार. मी फोटो शंभर वेळा बघितले होते तरी गाडी थांबवून उतरावंच लागलं. तांबूस काळी राखेची सपाट जमीन, झाड नाही, पक्षी नाही, मधून एक कच्चा रस्ता आणि कडेला उघडे डोंगर. वारा सोडून कसलाच आवाज नाही. गाडी पाच किलोमीटर खड्ड्यांतून हळूहळू नेली. मुक्काम ज्वालामुखीजवळच्या डोंगरी निवाऱ्यात, मोठ्या खोलीत ओळीनं बिछाने, रात्री कडाक्याची थंडी, आणि तारे असे की अण्णा कांबळं गुंडाळून तासभर बाहेर उभे.

दिवस चौथा

चार वाजता उठलो कारण इथं नऊ-दहाच्या पुढं ढग येतात आणि मग काही दिसत नाही. पा द बेलकोंब हे २,३११ मीटरवरचं टोक, तिथं पोचलो तेव्हा पूर्वेला नुकतं फटफटलं होतं. समोर आंक्लो फुके, म्हणजे खचून तयार झालेलं घोड्याच्या नालेसारखं भलंमोठं कुंड, आठनऊ किलोमीटर रुंद, तिन्ही बाजूंनी उभे कडे आणि चौथी बाजू समुद्राकडं उघडी. मधोमध २,६३२ मीटरचा पितों द ला फुर्नेझ, बोजड, गोल खांद्याचा. ऊन पडायला लागलं तसा तो आधी जांभळा मग तपकिरी मग काळा झाला.

कड्यावरून खाली उतरायला पाचशेच्या वर पायऱ्या आहेत. अण्णांचा गुडघा धरलेला होता, पण ते काठी टेकत उतरले, घाई न करता, यारीच्या दोरानं खाली उतरलेल्या माणसाला उतरायची भीती नसते. खाली तळावर लगेच फोर्मिका लेओ लागतो, १७५३च्या उद्रेकातला छोटासा तांबडा शंकू, वारुळासारखा. अण्णा म्हणाले, मी इथंच बसतो, तुम्ही जाऊन या. पाणी, चपाती-चटणी, टोपी, जाकीट सगळं देऊन आम्ही दोघं पुढं निघालो.

पुढची वाट म्हणजे दगडावर मारलेले पांढरे ठिपके, बाकी सगळीकडं गोठलेला लाव्हा. कुठं गुळगुळीत, दोर गुंडाळून ठेवल्यासारखा पिळाचा, त्याला भूगोलात पाहोएहोए म्हणतात, आणि कुठं फुटक्या विटांचा खच टाकल्यासारखा धारदार, त्याला इथले लोक 'ग्रातों' म्हणतात. ग्रातोंवर हात टेकला तर कातडी सोलते, हातमोजे न्या. तासाभरात शापेल द रोझमों लागते, लाव्ह्याचा फुगा फुगून फुटून तयार झालेली देवळीएवढी पोकळी, आत जाऊन उभं राहता येतं. मग चढ.

वर पोचायला तीन तास लागले. दोलोमियू विवराच्या कडेवर दोरीच्या आत उभं राहायचं, पुढं कडा कधीही सुटू शकते. साधारण एक किलोमीटर लांबीचं विवर आणि त्याची भिंत सरळ खाली. १८०१ला बोरी द सँ-व्हँसां हा निसर्गशास्त्रज्ञ इथं चढला होता, त्यानं भूशास्त्रज्ञाच्या नावावरून ह्याला दोलोमियू नाव दिलं, आणि शेजारचं छोटं विवर त्याच्या स्वतःच्या नावानं ओळखलं जातं. एप्रिल २००७पर्यंत हे विवर जवळपास भरलेलं होतं. मग खाली समुद्राकडच्या उतारावर मोठी फट पडली, आतला रस तिकडून निघून गेला, आणि आधार गेल्यावर विवराचा तळ काही दिवसांत ३०० मीटरहून जास्त खाली बसला. मी शिकवताना फळ्यावर हे काढते, कोठी रिकामी झाली की छत बसतं. प्रत्यक्ष त्या कडेवर उभी राहिले तेव्हा भिंतीतले थर, कुठं पिवळा गंधकाचा डाग, एका कोपऱ्यातून निघणारी बारीक वाफ, आणि खालून मधूनच दगड घरंगळल्याचा आवाज. नवरा आणि मी दहा मिनिटं एकमेकांशी बोललो नाही. मग ढग आला आणि सगळं पांढरं झालं.

परत फोर्मिका लेओला आलो तर अण्णा एका सपाट लाव्ह्यावर मांडी घालून बसलेले, समोर दोन दगड. त्यांनी मला खाली बसवलं. "हा बघ," म्हणून एक माझ्या हातात दिला. काळा, वजनाला हलका, आणि सगळा भोकांचा, जाळीदार पावासारखा. "हे आपलं मांजऱ्याचंच भाऊबंद. पण आपल्या दगडात ही भोकं भरल्याली असत्यात. गारगोट्या, पांढरं, हिरवं कायबाय. आमी फोडायचो तवा चमकायचं, पोरं गोळा करायची. ह्यांची अजून रिकामी हायती."

मी वर्गात झिओलाइट शिकवते, की लाव्ह्यात गॅसचे बुडबुडे अडकतात, मग लाखो वर्षं त्यातून पाणी झिरपून स्फटिक तयार होतात. हे सगळं माहीत असूनही सहा तास त्या दगडांवर चालताना ती भोकं रिकामी आहेत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी बसल्या जागी ओळखलं. दगड जिथले तिथं ठेवले (राष्ट्रीय उद्यान आहे, उचलायला मनाई आहे) आणि वर चढायला लागलो. पाचशे पायऱ्या चढायला अण्णांना सव्वा तास लागला, प्रत्येक टप्प्यावर थांबून मागं वळून बघत होते.

दिवस पाचवा

आज डोंगराची दुसरी बाजू, समुद्राकडची. आधी पितों सँत-रोझचं चर्च. एप्रिल १९७७मध्ये लाव्हा नेहमीच्या कुंडाबाहेर फुटला, गावातली घरं गिळत आला, चर्चच्या दारातून थोडा आत शिरला आणि थांबला, बाकीचा दोन्ही बाजूंनी वळसा घालून गेला. आता त्याला नोत्र दाम दे लाव्ह म्हणतात. गुलाबी भिंती आणि पायऱ्यांना खेटून काळा दगड. अण्णांनी चपला काढल्या, आत जाऊन हात जोडले.

पुढं रस्त्याकडेला सगळीकडं लाल रंगाच्या छोट्या देवळ्या दिसतात, सँ एक्सपेदी नावाच्या संताच्या, नवस बोलतात त्याला. लांबून शेंदूर लावलेला म्हसोबाच वाटतो.

मग ग्रां ब्रूले, मोठा जळका पट्टा. वरच्या कुंडाची उघडी बाजू इथं समुद्राला मिळते आणि लाव्हा इथून खाली येतो. रस्ता लाव्ह्यावरूनच जातो आणि कडेला त्या त्या उद्रेकाच्या सालाच्या पाट्या. २००२, २००४, २००७. प्रत्येक वेळी रस्ता गाडला जातो आणि परत वरून नवा करतात. २००७चा तर एवढा जाड होता की पुढं कित्येक वर्षं पाऊस पडला की त्यातून वाफा निघायच्या.

ह्या पाट्या बघत चालत गेलं की दगडाचं वय डोळ्यांना दिसतं. नव्या लाव्ह्यावर आधी पांढुरकी राखाडी लायकेन येते, चुरमुऱ्यासारखी, मग फटीत नेचे, मग झुडपं, आणि जुन्या पट्ट्यावर चक्क जंगल. एका ठिकाणी रस्त्यासाठी कापलेल्या बाजूत खाली जुना लाव्हा, त्यावर वीतभर तपकिरी माती आणि मुळ्या, आणि त्यावर नवा लाव्हा बसलेला. माती लाव्ह्याला टेकते तिथं विटेसारखी लाल झालेली. अण्णांनी ती रेघ बघितली आणि हात लावून उभे राहिले.

"पोरी, हा तांबडा पट्टा."

हो म्हटलं. आपल्याकडचा तांबडा पट्टा असाच, दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात वरचा दगड झिजून माती झाली, आणि मग नवा लाव्हा वरून आला, भाजून काढली. "म्हंजे त्याच्यावर झाडं असतील," ते म्हणाले. "आमी त्याला शिव्या घालत खणत हुतो." आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

दुपारी २००४च्या लाव्ह्यातल्या बोगद्यात गेलो. वाटाड्या घ्यावा लागतो, हेल्मेट, दिवा, गुडघ्याला पॅड. लाव्हा वरून गोठतो, आत मात्र गरम राहून वाहत राहतो, मागचा पुरवठा संपला की आत नळी रिकामी उरते. मला वाटलं अण्णा बाहेर थांबतील, ते सगळ्यांच्या पुढं वाटाड्यामागं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. अण्णांनी बोटाच्या पेरानं छत ठोकून आवाज ऐकला, तो माणूस थांबला, त्यानंही ठोकलं, मग पुढं जाऊन दुसऱ्या ठिकाणी ठोकून अण्णांकडं बघितलं, अण्णांनी मान हलवली की हितं पोकळ. त्यानंतर सगळा बोगदाभर त्या दोघांचं हेच चाललं होतं. छताला वितळलेल्या दगडाचे थेंब लोंबताना गोठलेले, त्यातून केसासारख्या बारीक मुळ्या खाली आलेल्या आणि टप टप पाणी.

त्या पाण्याखाली अण्णांनी तळवा धरला. "हे हाय बघ उत्तर. वरनं पडलं की सरळ खाली चाललंय, थांबतच न्हाय. भोकं रिकामी, भेगा मोकळ्या. आपल्यात भोकं बुजली, भेगा भरल्या, म्हणून पाणी वरनं वाहून जातंय आन् आमी भेग हुडकत बसतोय." तीन दिवसांच्या ओढ्याचा हिशोब लागला. आम्ही ज्या दगडात पाणी शोधतो त्याच दगडात इथं पाणी अडत नाही, आणि फरक फक्त वयाचा.

दिवस सहावा

त्रांब्लेचा किनारा, २००७च्या लाव्ह्याने समुद्रात भर घालून केलेला. पोहायला धोक्याचा, लाटा भयानक. काळ्या वाळूत हिरवे चमकते दाणे, ऑलिव्हिन, जाड्या साखरेएवढे, मूठभर घेऊन उन्हात धरले की मेहंदीच्या पानांसारखा रंग. आपल्या दगडातही ते होतं, बहुतेक कधीच कुजून गेलं. पुढं सँ-फिलीपला व्हॅनिलाची बाग बघितली, जुन्या लाव्ह्यावरच्या जंगलात वेल चढवलेले. हे फूल हातानं फळवायची युक्ती १८४१मध्ये ह्याच बेटावरच्या एदमों आल्बियुस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं शोधली, आज जगभर तीच वापरतात. बागेतल्या बाईंनी बाभळीच्या काट्यासारख्या काडीनं ते करून दाखवलं, एका फुलाला दोन सेकंद.

संध्याकाळी परतीचं विमान.

घरी येऊन महिना झाला असेल, शाळेत असताना अण्णांचा फोन. मेणवलीच्या बाजूला ओळखीच्यांच्या विहिरीचं काम चाललं होतं तिथं ते गेले होते, गडी आता त्यांना खाली उतरू देत नाहीत तरी उतरले होते. "पस्तीस फुटावर तांबडा पट्टा लागलाय," म्हणाले. "काम थांबवून ठेवलंय. शाळा सुटली की पोरांना घिऊन ये, उद्या बांधून टाकत्याल."